रेणू पहिल्यांदा वाचताना : मराठी वाचकासाठी पायरीपायरीनं

फणीश्वरनाथ रेणूंची 'मैला आँचल' ही हिंदी कादंबरी मी तीनदा सुरू केली आणि तीनदा सोडली. पहिल्यांदा पंचविसाव्या पानावर, दुसऱ्यांदा चाळिसाव्या. तिसऱ्यांदा शब्दकोश मांडीवर घेऊन बसलो आणि दहा पानांत हात टेकले, कारण दर ओळीत दोन शब्द शोधायचे म्हटल्यावर गोष्ट कधीच मागे पडलेली असायची. शाळेत पाचवीपासून हिंदी होतं, सिनेमे हिंदीच पाहिले, प्रेमचंद विनासायास वाचता येत होते. मग इथेच का अडतंय, हे कळायला मला फार वेळ लागला. चौथ्या वेळी वाट सापडली आणि पुस्तक चौदा दिवसांत संपलं. संपल्यावर पुन्हा पहिल्या पानावर गेलो.

त्या वाटेचा हा नकाशा. फणीश्वरनाथ रेणू हे नाव ऐकलंय, 'तीसरी कसम' सिनेमा पाहिलाय, आता मूळ हिंदीतून वाचायचंय, पण कुठून धरायचं ते कळत नाही, अशा मराठी वाचकासाठी तो आहे. हिंदीचे अभ्यासक असाल तर तुम्हाला याची गरज नाही.

आधी जमवाजमव

फार काही लागत नाही.

- रेणूंच्या निवडक कथांचं एखादं पुस्तक. त्यात 'पंचलाइट', 'ठेस', 'संवदिया', 'पहलवान की ढोलक', 'रसप्रिया', 'लाल पान की बेगम' आणि 'तीसरी कसम' असायलाच हव्यात. घेण्याआधी अनुक्रमणिका पाहा.
- 'मैला आँचल'ची राजकमल प्रकाशनाची पूर्ण आवृत्ती. लेखकाची छोटी भूमिका त्यात आहे ना, याची खात्री करा.
- बिहारचा नकाशा. ईशान्येचा कोपरा नीट दिसेल असा.
- एक वही, शंभर पानी पुरे.
- काशीच्या नागरी प्रचारिणी सभेचा 'हिंदी शब्दसागर' जवळच्या ग्रंथालयात असेल तर माहीत करून ठेवा. बोलीतले पुष्कळ शब्द त्यात सापडतात. घरी आणायची गरज नाही आणि पहिल्या वाचनात उघडायचा तर नाहीच.
- मोठ्यानं वाचता येईल अशी जागा. ही अट मी गंमत म्हणून घातलेली नाही. पुढे कळेल.

एक इशारा इथेच देतो. परीक्षार्थींसाठी छापलेल्या मार्गदर्शिका आणि 'सारांशासह' आवृत्त्या बाजारात आहेत. मी घाईत अशीच एक घेतली होती. तिच्यात गाणी गाळली होती आणि संवाद 'शुद्ध' केले होते. रेणूंमधून गाणी आणि बोली काढली की हातात फक्त घटनांची यादी उरते. पाठ्यपुस्तकासारखी प्रश्नोत्तरं शेवटी दिसली की ते पुस्तक परत ठेवा.

१. पहिलं पाऊल : 'पंचलाइट'

कादंबरीनं सुरुवात करू नका. माझी पहिली चूक हीच. 'पंचलाइट' काही पानांची कथा आहे, एका बैठकीत होते.

महतो टोलीच्या पंचांनी पंधरा महिने दंडाचे पैसे साठवून रामनवमीच्या जत्रेत पेट्रोमॅक्स विकत घेतला. आपण ज्याला गॅसबत्ती म्हणायचो, तोच. वाजतगाजत आणला, सगळी टोली जमली, आणि मग लक्षात आलं की तो पेटवायचा कसा हे कुणालाच येत नाही. दुसऱ्या टोलीतल्या माणसाला बोलवायचं तर नाक कापलं जाणार. येतं फक्त गोधनला, आणि त्याला पंचायतीनं जातीबाहेर टाकलंय, का तर मुनरीकडे बघून सिनेमाचं गाणं म्हटलं म्हणून. शेवटी त्यालाच बोलवावं लागतं. स्पिरिट नाही म्हटल्यावर तो खोबरेल तेलावर बत्ती पेटवतो. सगळे गुन्हे माफ.

ही कथा आधी का? यात रेणूंचं जग लहान आकारात आहे: जातीजातींच्या टोल्या, पंचायतीचा तोरा, बाहेरून आलेली एखादी वस्तू आणि तिच्याभोवती उडालेली धांदल. शिवाय गोष्ट अशी सरळ आहे की दोन-चार शब्द निसटले तरी काही बिघडत नाही. 'टोला' आणि 'टोली' हे शब्द इथेच ओळखीचे करून घ्या. आपल्याकडे टोला म्हणजे फटका. तिकडे ती वस्ती आहे, आपल्या आळीसारखी, वाड्यासारखी. हा एक शब्द चुकला की 'मैला आँचल'चा सगळा भूगोल चुकतो.

२. कान तयार करा : 'पहलवान की ढोलक'

या पायरीवर रेंगाळा. इथे दोन दिवस लागले तरी चालतील.

लुट्टन नावाचा पोरका मुलगा. कुस्तीत त्याला गुरू नाही, ढोल हाच गुरू. ढोलाचा प्रत्येक ठेका त्याच्याशी बोलतो, आणि तो काय बोलतो हे रेणू लिहून दाखवतात. 'चट् धा, गिड़ धा' म्हणजे 'आ जा, भिड़ जा'. 'चटाक् चट् धा' म्हणजे 'उठा पटक दे'. नंतर गावात मलेरिया आणि कॉलरा येतो, घरोघरी माणसं मरतात, आणि रात्रीच्या भयाण शांततेत फक्त या पहिलवानाचा ढोल वाजत राहतो.

मी सांगलीकडचा. आमच्याकडे मैदानात हलगी कडाडल्याशिवाय कुस्तीला रंग चढत नाही, आणि हलगीचा ठेका बदलला की आत काय चाललंय हे पाठमोऱ्या माणसालाही कळतं. ही कथा मी आधी मनात वाचली तेव्हा ते ठेके मला नुसती अक्षरं वाटली. ओलांडून पुढे गेलो. मग एका रात्री मोठ्यानं वाचली आणि हलगी ऐकू आली. माझं अडलेलं गाडं तिथे सुटलं. रेणू कानानं लिहितात, मी डोळ्यांनी वाचत होतो.

म्हणून नियम असा: पहिल्या दोन-तीन कथा मोठ्यानं वाचा. उच्चार चुकले तरी चालतील. गाण्याची ओळ आली तर चाल लावा, येईल ती. पाखराचा, गाडीच्या चाकाचा, वाद्याचा आवाज लिहिलेला असेल तर तो तोंडानं काढा. घरातले हसतील, हसू द्या. ज्या वाक्याचा अर्थ डोळ्यांना लागत नाही तो पुष्कळदा जिभेवर आला की लागतो, विशेषतः आपल्यासारख्यांना, ज्यांनी लहानपणी आजीच्या तोंडची बोली ऐकलेली असते.

३. माणूस कळू द्या, पण थोडक्यात

चरित्र आधी वाचायची गरज नाही, मात्र काही गोष्टी माहीत नसतील तर कथा अर्ध्याच कळतात.

जन्म ४ मार्च १९२१, औराही हिंगना गावी. तेव्हाचा पूर्णिया जिल्हा, आताचा अररिया. हे गाव नेपाळच्या सीमेपासून फार लांब नाही. फारबिसगंज, अररिया आणि मग सीमेपलीकडच्या विराटनगरला शिक्षण, तेही कोइराला कुटुंबात राहून. हेच कुटुंब पुढे नेपाळच्या लोकशाही चळवळीच्या मध्यभागी होतं. पुढे काशीला शिक्षण, आणि १९४२च्या आंदोलनात उडी. तुरुंगवास झाला. समाजवादी पक्षाचं काम केलं. १९५०मध्ये नेपाळात राणाशाहीविरुद्ध उठाव झाला, त्यातही ते होते. त्यावर 'नेपाली क्रांतिकथा' हे पुस्तक आहे.

लेखनाची सुरुवात १९४४ची. कलकत्त्याच्या 'विश्वमित्र' साप्ताहिकात 'बटबाबा' ही पहिली कथा आली. पुढे क्षयानं गाठलं. पाटण्याच्या रुग्णालयात असताना लतिका नावाच्या परिचारिकेनं शुश्रूषा केली आणि १९५२मध्ये त्यांच्याशीच लग्न झालं. दोन वर्षांनी, १९५४मध्ये, 'मैला आँचल' पाटण्याहून छापून आली. मग राजकमलनं ती काढली आणि देशभर गेली. 'परती : परिकथा' १९५७ची, 'ठुमरी' हा कथासंग्रह १९५९चा.

१९७०ला पद्मश्री. १९७२ला फारबिसगंजमधून विधानसभेला अपक्ष उभे राहिले आणि हरले. १९७४ला जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनात उतरले, पुन्हा तुरुंग. त्या वर्षी नोव्हेंबरात पाटण्यात मोर्चावर लाठ्या पडल्या, त्यानंतर त्यांनी पद्मश्री परत केली. ती आता आपल्याला 'पापश्री' वाटते, असं लिहून. बिहार सरकारची दरमहा तीनशे रुपयांची वृत्तीही सोडली. हातात फार पैसा असलेला हा माणूस नव्हता, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचा. ११ एप्रिल १९७७ला गेले. आणीबाणी संपून सत्ता बदललेली त्यांनी पाहिली, एवढंच.

हे सगळं सांगण्याचं कारण एकच. 'ग्रामीण कथाकार' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शांत, निरागस गाव येतं. रेणूंच्या गावात पक्ष आहेत, मोर्चे आहेत, जमिनीचे खटले आहेत, झेंड्यावरून मारामाऱ्या आहेत. लेखक स्वतः त्यात उभा होता.

४. शब्दांची वही

वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात रेणूंचा शब्द, दुसऱ्यात तुमचा अंदाज, तिसरा रिकामा. वाचताना थांबायचं नाही. शब्द लिहा, अंदाज लिहा, पुढे चला. तिसरा रकाना पुस्तक संपल्यावर भरायचा. माझ्या वहीत निम्म्याहून जास्त अंदाज बरोबर निघाले. चुकलेल्यांपैकी फार थोड्यांमुळे गोष्ट चुकली होती.

अनोळखी शब्द तीन जातींचे असतात, आणि ही वाटणी कळली की भीती जाते.

पहिले, मोडके शब्द. सरकारी इंग्रजी किंवा मोठी नावं गावाच्या तोंडात शिरताना जशी घडतात तशीच लिहिलेली. मिलिटरीचं 'मलेटरी', डिस्ट्रिक्ट बोर्डाचं 'डिस्टीबोट', गांधी महात्म्याचं 'गन्ही महातमा', व्हाइस चेअरमनचं 'भैंसचरमन'. यांना शब्दकोशात शोधत बसाल तर जन्मात सापडायचे नाहीत. मोठ्यानं म्हणा, लगेच ओळखू येतात. आपणही हॉस्पिटलचं इस्पितळ केलंच की. आणि हे शब्द हसण्यासाठी टाकलेले नाहीत. सत्ता गावात कोणत्या रूपात पोचते ते त्यांतून कळतं. 'भैंसचरमन'मध्ये म्हैस शिरली आहे, ती उगाच नाही.

दुसरे, खरोखरचे बोलीतले शब्द. इथे एक गैरसमज काढून टाका: ही भोजपुरी नव्हे. हा मैथिलीच्या छायेतला पट्टा आहे, पलीकडून बंगाली आणि वरून नेपाळी मिसळते. निवेदन बहुतेक खडीबोलीत, म्हणजे प्रमाण हिंदीत असतं, बोली मुख्यतः संवादांत आणि गाण्यांत. म्हणजे दोर हातातून सुटत नाही.

तिसरे सर्वांत फसवे: जे आपल्याला येतात असं वाटतं. 'परती' म्हणजे परत फिरणं नव्हे, पडीक जमीन. 'परती : परिकथा' हे नाव मी कित्येक वर्षं 'परतीची गोष्ट' असंच समजत होतो. 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. 'कोठी' आली की आपली धान्याची कोठी आठवू नका, निळीच्या मळेवाल्या साहेबाचा बंगला आणि कारखाना आठवा. पण 'कोठारिन' हा शब्द आला की मात्र आपली कोठीच कामाला येते, मठाचं कोठार सांभाळणारी ती. 'लीक' म्हणजे गाडीच्या चाकांनी पडलेली चाकोरी. आणि 'बाई'! आपण शाळेतल्या शिक्षिकेला बाई म्हणतो. 'तीसरी कसम'मधल्या हीराबाईच्या नावातली बाई नौटंकीच्या मंचावरची आहे. तो शब्द लोक कसा उच्चारतात आणि हिरामन कसा, यातच अर्धी कथा आहे.

५. तीन कथा, या क्रमानं

*ठेस.* शब्द आपलाच, ठेच. सिरचन हा कारागीर चिक (बांबूच्या कामट्यांचे पडदे) आणि शीतलपाटी (चटई) विणतो. आता गावात त्याला लोक कामचुकार म्हणतात, खायला नीट दिलं तरच काम करतो म्हणतात. मुलीच्या सासरी पाठवायच्या वस्तूंचं काम चालू असताना घरातलं कुणीतरी त्याला लागेल असं बोलतं आणि तो उठून जातो. शेवट रेल्वे स्टेशनवर होतो. तो मी सांगणार नाही. कारागिराच्या मानाबद्दल इतकं नेमकं मी क्वचितच वाचलं आहे.

*संवदिया.* संवदिया म्हणजे तोंडी निरोप पोचवणारा. निरोप शब्दाशब्दांनी, ज्या सुरात सांगितला त्याच सुरात पोचवायचा, ही त्याची विद्या. मोठ्या हवेलीतली बडी बहुरिया, म्हणजे थोरली सून, एकटी पडली आहे, खायचे वांधे आहेत. ती हरगोबिनकडे माहेरी निरोप देते. तो जातो, आणि निरोप सांगूच शकत नाही. गावची लक्ष्मी गाव सोडून गेली तर गावाची लाज कुठे राहील? पहिल्या वाचनात मला हे भाबडं वाटलं होतं. दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचताना परतीचा प्रवास आला, तो उपाशी चालत येतो तो, आणि पुढे वाचवेना.

*तीसरी कसम.* पूर्ण नाव 'तीसरी कसम, उर्फ मारे गए गुलफ़ाम'. आधी कथा वाचा, सिनेमा नंतर. तुम्ही सिनेमा आधीच पाहिला असेल, बहुतेकांनी पाहिलेला असतो. मग निदान कथा वाचताना राज कपूर आणि वहिदा रहमान यांना बाजूला ठेवायचा प्रयत्न करा. कथेची सुरुवात हिरामनच्या पाठीत होणाऱ्या गुदगुल्यांनी होते. मागे गाडीत कोण बसलंय हे त्याला नीट माहीत नाही, नुसता सुगंध येतोय. ती पाठ पडद्यावर दिसू शकत नाही, वाक्यातच दिसते. चोरबाजाराचा माल नेणार नाही, बांबू लादणार नाही, या त्याच्या आधीच्या दोन शपथा. तिसरी कोणती आणि का, ते शेवटी.

वाचून झाल्यावर सिनेमा जरूर पाहा. १९६६चा, दिग्दर्शक बासू भट्टाचार्य, निर्माते कवी शैलेंद्र. संवाद रेणूंचे स्वतःचे आहेत, म्हणून बोलण्याचा सूर अस्सल आहे. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कथेत आणि सिनेमात, हिरामन वाटेत हीराबाईला सांगतो ती महुआ घटवारिनची लोककथा कशी येते, एवढं ताडून पाहा.

'रसप्रिया' आणि 'लाल पान की बेगम' तुमच्या सोयीनं वाचा. 'रसप्रिया'त जुने मैथिली कवी विद्यापती यांची पदं आहेत, म्हणून थोडी जड जाते.

६. आता 'मैला आँचल'

आधी नाव समजून घ्या. आँचल म्हणजे पदर, आणि अंचल म्हणजे प्रदेश. मळका पदर आणि मळलेला मुलूख, दोन्ही एकाच शब्दात. सुमित्रानंदन पंतांच्या भारतमातेवरच्या कवितेत धुळीनं भरलेला 'मैला सा आँचल' शेतांमध्ये पसरलेला आहे, तिथून हे नाव आलं.

मग भूमिका वाचा. अर्धं-पाऊण पान आहे. 'यह है मैला आँचल, एक आंचलिक उपन्यास' अशी सुरुवात. पूर्णियाच्या एका बाजूला नेपाळ, दुसरीकडे पाकिस्तान आणि पश्चिम बंगाल, हे तिथेच सांगितलंय. पाकिस्तान म्हणजे तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, आताचा बांगलादेश. हे डोक्यात नसेल तर शेवटाकडची एक फार महत्त्वाची घटना कळत नाही. खाली तारीख आहे ९ ऑगस्ट १९५४. बेचाळीसच्या लढ्यातून आलेल्या माणसाच्या सहीखाली ती तारीख पाहून मी थांबलो होतो.

आता नकाशा काढा. कटिहारहून जोगबनीला जाणारा रेल्वेमार्ग बोटानं वर न्या: पूर्णिया, अररिया, सिमराहा, फारबिसगंज, जोगबनी. सिमराहा हे रेणूंच्या गावाचं स्टेशन. जोगबनी संपली की नेपाळ, विराटनगर. पश्चिमेला कोसी नदी. तिनं पात्र बदलत बदलत मागे सोडलेल्या वाळूच्या जमिनी म्हणजेच ती 'परती'. एवढा नकाशा वहीच्या मधल्या पानावर हातानं काढलात तर पुस्तकभर उपयोगी पडतो.

*गावाची टोलीवार यादी.* मी दुसऱ्यांदा पुस्तक सोडलं ते माणसांच्या गर्दीमुळे. उपाय सोपा आहे: नावांची यादी टोलीप्रमाणे करा. गाव आहे मेरीगंज. मार्टिन या निळीच्या मळेवाल्यानं बायकोच्या, मेरीच्या, नावावर वसवलेलं. ती मलेरियानं गेली. त्यानं दवाखान्यासाठी धडपड केली, ती फुकट गेली, शेवटी त्याला वेड लागलं. कित्येक वर्षांनी त्या गावात मलेरिया केंद्र येतं तिथून कादंबरी सुरू होते. वहीत असे चौकोन करा: कायस्थ टोली, तिथे तहसीलदार विश्वनाथ प्रसाद आणि त्यांची मुलगी कमली. राजपूत टोली, तिथे रामकिरपाल सिंह. यादव टोली, तिथे खेलावन यादव. मठ, तिथे महंत सेवादास आणि लछमी. राजकारणात काँग्रेसचे बालदेव आणि बावनदास, समाजवादी कालीचरन. बाहेरून आलेला डॉक्टर प्रशांत. आणि गावाबाहेर, वेगळी, संथाल आदिवासींची टोली. ती वेगळी आहे हे मोठ्या अक्षरांत लिहा. पुढे जमिनीवरून जे होतं त्यात एरवी भांडणाऱ्या सगळ्या टोल्या एक होतात, आणि त्या कोणाविरुद्ध एक होतात ते तुम्हाला दिसेल. ती पानं वाचायला कठीण आहेत, भाषेमुळे नव्हे.

*नायक शोधू नका.* डॉक्टर प्रशांत नायक वाटतो. परदेशी जायची संधी सोडून मलेरिया आणि काळा आजारावर संशोधन करायला तो इथे येतो. आपण त्याच्या मागोमाग जातो आणि मग पन्नास पानं तो दिसतच नाही. मला ही लेखनातली ढिलाई वाटली होती. खरं तर कादंबरी गावाची आहे, डॉक्टर तिच्यातला एक माणूस. त्याच्या संशोधनाचा निष्कर्षसुद्धा पाहा: या रोगाचे दोन जंतू आहेत, गरिबी आणि 'जहालत', म्हणजे अज्ञान.

इथे मराठी वाचकाचा एक खास घोटाळा होतो. आपल्या मनात 'बनगरवाडी' असते. ती १९५५ची, म्हणजे जवळपास एकाच वेळची. तिकडे मास्तर येतो, इकडे डॉक्टर. दोन्ही माझ्या जिवाभावाची पुस्तकं आहेत. पण माडगूळकर एका माणसाच्या डोळ्यांनी, मोजक्या शब्दांत, माळरानाच्या शांततेत गाव दाखवतात. रेणूंचं गाव एकदम सगळ्या तोंडांनी बोलतं. अफवा, शिव्या, भजन, घोषणा, भांडण, ढोल, सगळं एकाच परिच्छेदात, आणि कोण बोललं हे दर वेळी सांगतही नाहीत. म्हणून 'बनगरवाडी' वाचतो तशी ही वाचू नका. जत्रेत उभं राहिल्यासारखं वाचा. सगळं ऐकू येत नाही, जे येतं ते धरायचं.

*बावनदासजवळ थांबा.* दीड हात उंचीचा हा गांधीभक्त सुरुवातीला गर्दीतला एक वाटतो. देश स्वतंत्र होतो, गांधीजी जातात, आणि त्यानंतर हा एकटा माणूस चोरट्या मालाच्या गाड्या अडवायला सीमेवर जाऊन उभा राहतो. माल आपल्याच खादीवाल्यांचा आहे हे त्याला माहीत आहे. गाड्या त्याच्या अंगावरून जातात. नदीपलीकडे पाकिस्तान. त्याची झोळी झाडाला लटकत राहते, आणि काही दिवसांनी लोक त्या झाडाला नवसाच्या चिंध्या बांधू लागतात, चेथरिया पीर म्हणून. स्वातंत्र्यानंतर इतक्या लवकर, इतकं स्पष्ट कुणीतरी हे लिहून ठेवलं होतं. हा भाग मोठ्यानं वाचू नका. मला जमलं नाही.

*किती वेळ?* रोज वीस-पंचवीस पानं. पहिली साठ पानं दोनदा वाचा, मग वेग आपोआप येतो. मध्ये चार दिवसांचा खंड पडला तर माणसं विसरतात, म्हणून सुट्टी बघून सुरू करा.

७. अडकलात तर

गाणं कळत नसेल तर पुढच्या दोन ओळी वाचा, बहुधा कुणीतरी त्यावर बोलतंच. कोण बोलतंय कळत नसेल तर टोली ओळखा, माणूस नाही कळला तरी चालतं. पुस्तकच जड झालं तर चार दिवस कथांकडे जा. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाच्या 'हिंदी समय' या संकेतस्थळावर हिंदी लेखकांचं खूप साहित्य वाचायला मिळतं, डोळ्यांना हिंदीची सवय राहायला ते बरं पडतं. आणि भाषांतराचा आधार घ्यावासा वाटला तर घ्या, लाज नको, फक्त मूळ शेजारी उघडं ठेवा.

८. यानंतर काय

'परती : परिकथा' लगेच घेऊ नका. ती आणखी पसरट आहे, परानपूर गाव, जितेंद्र, जमिनीची मोजणी, कोसीची लोककथा. सहा महिने जाऊ द्या. सगळे रेणू हवेत असतील तर राजकमलची पाच खंडांची 'रेणु रचनावली' आहे, संपादक भारत यायावर. ग्रंथालयातून एकेक खंड आणणं परवडतं.

मी मात्र 'ऋणजल धनजल' आधी घ्यायला सांगेन. छोटं पुस्तक आहे, रिपोर्ताजचं, म्हणजे स्वतः पाहिलेल्या घटनांच्या वृत्तांतांचं. एका भागात १९६६चा बिहारमधला दुष्काळ, दुसऱ्यात १९७५चा पाटण्याचा पूर. भाषा सोपी, कारण शहर आहे आणि लेखक स्वतः बोलतोय. पुराच्या भागात पाणी शहरात शिरल्याची बातमी येते आणि रेणू घरी रात्रभर जागत पाण्याची वाट बघतात. दिसत काहीच नाही, सगळं आवाजांवर चालू आहे. मग पाणी येतं. त्यांना वाटतं, आपल्याकडे मूव्ही कॅमेरा असता, टेपरेकॉर्डर असता. दोन्ही नाही. एक पेन होतं, तेही चोरीला गेलं. बरंच झालं, म्हणतात, आपल्याजवळ काहीच नाही.